पिशवीतला नमुना

नवी वस्तू आणायला निघालेल्या माणसाच्या हातात जुनी वस्तू नसेल, तर त्याने घरी परत येऊ नये आणि आलाच तर त्याला कुणी जेवायला वाढू नये, इतक्या टोकाला गेलेला माणूस सबंध रायगड जिल्ह्यात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहायला कर्जतला. रेल्वेत इंजिनाचे ड्रायव्हर होते, तिथूनच निवृत्त झाले. जुन्या युनिफॉर्मच्या खाकी कापडाची एक पिशवी त्यांनी शिवून घेतली होती. ती पिशवी खांद्याला दिसली की कर्जतच्या बाजारात लोक ओळखत, आज यांच्या घरात काहीतरी मोडलंय. कारण पिशवीत ते मोडलेलं असायचंच. त्याला ते 'नमुना' म्हणत.

कुकरची रबरी रिंग आणायची झाली तर साधा माणूस झाकण घेऊन जाईल. साडू कुकर, झाकण, शिट्टी आणि मूठभर तुरीची डाळ घेऊन गेले आणि दुकानदाराला स्टोव्ह पेटवायला लावून डाळ शिजल्याशिवाय उठले नाहीत. दाराची बिजागरी गंजली तेव्हा बिजागरी सुटेना, म्हणून त्यांनी दारच काढलं आणि सायकलवर आडवं बांधून बाजारात नेलं. बिजागरी अगदी तंतोतंत मिळाली, पण तेवढ्या वेळात उघड्या घरात शेजारच्यांची शेळी शिरली आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिवाळीपर्यंत खाऊन गेली. एकदा त्यांचा दात काढावा लागला. काढलेला दात त्यांनी रुमालात बांधला आणि कवळीवाल्यापुढे ठेवून याच रंगाचा द्या म्हणून सांगितलं. तो दात तीस वर्षं सुपारी खाल्लेला. कवळीवाल्याने पांढरेशुभ्र दात दाखवून पाहिले, पण साडू बधले नाहीत. परिणामी त्यांच्या तोंडातला खोटा दात कोणता, हे अखेरपर्यंत कुणालाही ओळखता आलं नाही.

मीही यातून सुटलो नाही. मी खालापूरच्या कचेरीत कारकून. एकदा साडू आमच्याकडे आलेले असताना माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. बटणाचा नमुना म्हणजे उरलेली बटणं आणि उरलेली बटणं सदऱ्याला, तेव्हा सदरा काढणं ओघानंच आलं. दुकानदार एकेक बटण लावून बघत होता आणि मी भर बाजारात बनियनवर उभा होतो. तेवढ्यात आमचे तहसीलदार साहेब तिथून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांना नमस्कार केला, आणि त्यानंतर बरेच दिवस साहेब माझ्याशी अतिशय मायेने वागत होते. घरी काही अडचण असेल तर सांगत जा, असंही म्हणाले.

साडूंची दुसरी खोड म्हणजे ते कधी कुणाच्या पुढे चालत नसत. लग्नाची वरात असो, गणपतीचं विसर्जन असो, नाहीतर नुसते चौघे मिळून दूध आणायला निघालेले असोत, साडू सगळ्यांच्या मागे. याला कारण त्यांची नोकरी. कर्जतच्या पुढे घाट लागतो. पुण्याकडे जाणारी गाडी त्या चढणीला एकट्या इंजिनाच्या आवाक्यातली नाही, म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटीला आणखी इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. ती गाडीला मागून ढकलत घाट चढवतात आणि लोणावळ्याला सुटून रिकामी खाली येतात. साडूंनी उभी हयात बँकरवर काढली. गाडीतल्या लोकांना पुढचं इंजिन दिसतं, त्याचं कौतुक होतं. मागून कुणी ढकलतंय हे बटाटावडा खाताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. साडूंना त्याचं वाईट वाटत नसे. "पुढं कोनबी चालंल," ते म्हणत, "मागं मानूस पायजे."

फक्त एकदा मी त्यांना पुढे चालताना पाहिलं. त्यांचा एकुलता एक मुलगा काविळीने गेला तेव्हा. मडकं धरून बापाला पुढे व्हावं लागलं. त्या दिवशी त्यांची चाल सारखी अडखळत होती आणि ते पुन्हा पुन्हा मागे वळून पाहत होते. मला ते आजही आठवतं.

आमची मेहुणी त्याआधीच वारली होती. तेव्हा त्या घरात दोनच माणसं उरली, सासरा आणि सून. मीना कर्जतजवळच्या कोंडाण्याकडची. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तिचा भाऊ तिला न्यायला आला तेव्हा साडूंनी त्याला जेवू घातलं आणि सांगितलं, की या घरातून हिला पाठवायची ती सासरी, माहेरी नाही. मी हिचं दुसरं लग्न लावून देईन, तोवर ती माझी लेक. भाऊ एकटाच परत गेला. त्या काळात, आमच्या भागात, सासऱ्याने असं बोलणं ही लहान गोष्ट नव्हती. आळीत कुजबुज झाली. साडूंनी ती ऐकली आणि आळीतून नेहमीसारखं सगळ्यांच्या मागून चालत राहिले.

पण शब्द दिला तरी तो पुरा होईना, आणि त्याला कारण पुन्हा साडूच. मीनासाठी स्थळ बघायला निघताना ते खाकी पिशवी घेत आणि तिच्यात टॉवेलाखाली मुलाचा फोटो ठेवत. नमुना! समोरचा माणूस चहा पीत असताना साडूंचा हात हळूच पिशवीत जाई. ते एकदा फोटो बघत, एकदा त्या माणसाकडे बघत आणि उठत. नेरळचा एक मास्तर चांगला होता, पण तो हसताना तोंडावर हात धरायचा आणि साडूंचा मुलगा खदखदून हसायचा, म्हणून तो नापास. खोपोलीच्या एकाला मासळीचा वास सोसत नव्हता. एकाची तर सगळी कुंडली जुळली, पण त्याचे कान फार चिकटलेले निघाले. मी एकदा न राहवून म्हणालो, की अहो, कान घेऊन काय करायचंय? तर माझ्याकडे त्यांनी असं पाहिलं, की जणू मी दाराशिवाय बिजागरी आणायला निघालो होतो. अशी तीन वर्षं गेली. मीना कधी काही बोलली नाही. तिला कुणी विचारलंही नाही.

या तीन वर्षांत तिने स्वतःचं एक सुरू केलं होतं. मुलाने जाण्यापूर्वी एक जुना कॉम्प्युटर घरात आणून ठेवला होता. खोपोलीच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता तिथे नवा आला, म्हणून हा बाहेर काढलेला. कर्जतमध्ये तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय हे सांगायला माणूस शोधावा लागे. मुलगा गेल्यावर तो बरेच महिने चादरीखाली होता. मग एक दिवस मीनाने चादर काढली. टायपिंग तिला येतच होतं. पुस्तकं वाचून, चुकत माकत ती शिकली आणि आजूबाजूच्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं करून देऊ लागली. आता एका मोठ्या कारखान्याने सगळ्या कामगारांचं काम तिला देऊ केलं होतं, पण त्यासाठी जो प्रोग्राम लागत होता तो या मशीनमध्ये मावेना. मेमरी कमी पडत होती. ती वाढवली तर काम मिळणार होतं आणि मीना कुणाच्याही आधाराशिवाय उभी राहणार होती.

मशीन कुरकुरलं की खोपोलीहून शिंदे नावाचे एक इंजिनिअर येत. सांगलीकडचे, उंच, मुलखाचे अबोल. पाठच्या भावंडांची लग्नं करता करता स्वतःचं राहून गेलेलं. त्यांनी मशीनचा डबा उघडून पाहिला आणि कोणत्या चिपा लागतील ते बघून मीच घेऊन येतो म्हणाले. पण घरात काहीतरी नवं यायचं आणि ते दुसऱ्याने आणायचं, हे साडूंना कसं मानवणार? शिंदे गेल्यावर त्यांनी मीनाची केसांची पिन घेतली आणि आतली एक चिप अलगद उपटली. दोन्ही बाजूंना बारीक पाय असलेला तो काळा तुकडा त्यांनी सिगरेटच्या चांदीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि मुंबई गाठली.

तिथे इलेक्ट्रॉनिकच्या सामानाच्या गल्लीत त्यांनी दिवसभर काय केलं असेल याची मला कल्पना करवत नाही. दुकानदार त्यांना सांगत होते, की बाबा, ही आता कुणी घेत नाही, हिच्यापेक्षा मोठी घ्या. साडू नमुना पुढे करून म्हणत होते, की हीच पाहिजे. हेच अक्षर, हाच आकडा, हेच पाय. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराने कुठल्याशा खणाच्या तळातून तशाच्या तशा चिपा काढून दिल्या. साडू विजयी मुद्रेने परतले. मी नेमका त्या रविवारी कर्जतला होतो. टेबलावर त्यांनी नवी चिप जुनीशेजारी ठेवली आणि मला ओळखायला सांगितलं. खरंच ओळखता येत नव्हती.

शिंदे आले, त्यांनी नव्या चिपा पाहिल्या आणि मशीन उघडून आतल्या ओळी मोजल्या. मग अगदी जपून त्यांनी सांगितलं, की चिपांच्या चार ओळींसाठी जागा आहे आणि चारही ओळी आधीच अशाच चिपांनी भरलेल्या आहेत. या नव्यांना बसायला जागाच नाही. "आणि जुन्या काढून या घातल्या तर?" साडूंनी विचारलं.

"तर होतं तेवढंच राहील, मामा. हुबेहूब तसंच आणलंय तुम्ही. त्यात वाढणार काय?"

मी साडूंना आयुष्यात पहिल्यांदाच नमुना बरोबर असूनही हरलेलं पाहिलं. ते पायरीवर जाऊन बसले. मीना त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेली. त्यांच्या पिशवीतून चिपांची पुडी काढताना मुलाचा फोटोही बाहेर आलेला होता आणि तो टेबलावर तसाच होता. तिने तो पाहिला होता. मला वाटतं, पिशवीत तो असतो हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि ती बोलली. मी दारात होतो म्हणून मला ऐकू आलं.

"मामा, तसा दुसरा नाय मिळायचा. आनि मिळाला ना, तर मला भ्या वाटंल."

तांब्यातलं पाणी साडूंनी सगळं प्यायलं आणि बराच वेळ रिकामा तांब्या हातात धरून बसले. मग एकदम उठले, आत आले आणि शिंद्यांना म्हणाले, की मला नीट समजावून सांगा. शिंद्यांनी सांगितलं. पुढच्या दोन ओळींत मोठ्या चिपा बसवायच्या, मागच्या दोन ओळींत जुन्या लहान तशाच राहू द्यायच्या. एका ओळीतल्या सगळ्या एकसारख्या हव्यात, पण दोन ओळी एकसारख्या असायची गरज नाही. पायांची ठेवण तीच असली की मोठी चिपही त्याच जागेत बसते. फक्त नवी चिप चालीला मंद नको, मशीनच्या वेगाबरोबर तिला धावता आलं पाहिजे.

साडूंचा चेहरा हळूहळू उजळत गेला. त्यांच्या तरुणपणी घाटात एक जुनं विलायती इंजिन होतं, त्याला सगळे खेकडा म्हणत. "म्हंजे पुढं मोठं इंजिन," ते म्हणाले, "आनि मागं आपला खेकडा. यो त्याच्यासारका नाय, तो याच्यासारका नाय. चाल जुळली का गाडी चढली."

"बरोबर," शिंदे म्हणाले. एवढं बोलून ते चक्क हसले. हसताना त्यांनी तोंडावर हात धरला होता, पण साडूंनी ते मनावर घेतलं नाही.

पुढच्या सुट्टीला दोघे मिळून मुंबईला गेले. साडूंनी पिशवी घेतलीच, पण फोटो त्यांनी देव्हाऱ्याशेजारी खिळा ठोकून भिंतीवर लावला होता. दुकानात साडूंनी प्रत्येक चिपेचे पाय मोजेपर्यंत शिंदे शेजारी शांत उभे राहिले, असं साडूंनीच मला नंतर सांगितलं. "त्या मानसाला घाई नाय," ते म्हणाले. घाटात काम केलेल्या माणसाने दिलेलं याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

मशीन सुरू केलं त्या दिवशी साडूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. शिंद्यांनी चिपा बसवल्या, आतले दोन बारीक खटके फिरवले आणि मीनाला बटण दाबायला सांगितलं. काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे हिरवे आकडे टप्प्याटप्प्याने वर चढू लागले. दोनशे छप्पन्न हा जुना मुक्काम. तिथे आकडा आला तेव्हा साडूंनी टेबलाची कड घट्ट धरली. आकडा पुढे गेला. तीनशेच्या पुढे, पाचशेच्या पुढे. साडू ओठांनी नुसते पुटपुटत होते, मागून ढकलल्यासारखे. सहाशे चाळीसवर आकडा थांबला आणि मशीनने एकदा बारीक शिट्टी दिली. मीनाने डोळे पुसले आणि चहा टाकायला आत गेली.

चहा आला. शिंद्यांच्या कपात तिने साखर घातली नव्हती. त्यांना बिनसाखरेचा लागतो हे त्यांनी सांगितलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. साडूंनी कपाकडे पाहिलं, शिंद्यांकडे पाहिलं. सवयीने त्यांचा हात खांद्याकडे गेला, पण पिशवी खुंटीला होती. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि मी निर्लज्जासारखे कान टवकारले.

"मीना गं," ते म्हणाले, "चाल जुळंल का?"

आत एक भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग मीनाचा आवाज आला, "तुमी मागं असाल ना, मामा?"

"घाट चढंपर्यंत हाय की."

ते बाहेर आले, शिंद्यांसमोर बसले आणि तुमच्या घरी कोण कोण असतं, असं विचारलं. शिंदे लाजून लालबुंद झाले, कारण आपल्याकडे या प्रश्नाचा अर्थ एकच होतो.

लग्न साधंच झालं. मीनाचा भाऊ आला, शिंद्यांची भावंडं आली, आळीतली कुजबुज करणारी मंडळीही जेवून गेली. कन्यादान साडूंनी केलं. दोन दिवसांनी मीनाचं सामान टेंपोतून खोपोलीला निघालं. कॉम्प्युटरही तिच्याबरोबर जात होता, कारण मोठ्या कारखान्याचं काम आता तिच्या हाती आलं होतं. नवरा-बायको पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. साडू मागे उघड्या हौद्यात बसले आणि खड्ड्यात आदळू नये म्हणून कॉम्प्युटर मांडीवर घेऊन थेट खोपोलीपर्यंत गेले. तिथे त्यांनी तो स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवला, तारा जोडल्या, आकडे सहाशे चाळीसपर्यंत चढलेले पाहिले, जेवायला थांबा म्हणत असताना थांबले नाहीत आणि निघाले.

पण ते घरी गेले नाहीत. दुपार कलताना ते खालापूरला आमच्या दारात उभे होते. खांद्याला पिशवी होती. माझ्या बायकोने काय मोडलंय असं विचारलं, तर त्यांनी पिशवी उलटी करून दाखवली. ती रिकामी होती. आम्ही त्यांना राहायचा खूप आग्रह केला. ते चहा प्यायले आणि म्हणाले, की घरी दिवा लावायला कुणी नाही, जायला पाहिजे. मग मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, की तुम्ही केलंत ते कुणाच्या बापाने केलं नसतं.

"सुटलो भाऊ लोनावळ्याला," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "खाली येताना इंजिनाला ढकलायला कायच नसतं. निस्ता ब्रेक धरून यायचं. लोकांना वाटतं, त्ये सोपं हाय."

मी त्यांना एसटी स्टँडवर पोचवायला निघालो. वाटेत ते नेहमीप्रमाणे मागे राहू लागले, तसा मीही थांबलो. दोनदा त्यांनी हाताने मला पुढे व्हायची खूण केली. मी झालो नाही. शेवटी ते पुढे झाले आणि पिशवी सावरत हळूहळू चालू लागले, आणि स्टँड येईपर्यंत मी त्यांच्या मागून चाललो.